विट्याची मुलगी ओकायामांत

विटा हें आमचें गांव आपलीं माणसें परगांवीं धाडण्यास फार दिवसांपासून सरावलेलें आहे. खानापूर तालुक्याचा हा माळ पावसाला पारखा. नुसत्या शेतीवर सगळ्या घराचें भागणें कठीण. यास्तव येथील व भोंवतालच्या खेड्यांतील तरुणांनीं सोनें-चांदी गाळण्याचा धंदा हातीं धरिला आणि मूस, भट्टी व अंगचें कसब एवढ्याच भांडवलावर ते देशभर पसरले. मोठ्या शहराच्या सराफ बाजारांत विट्याकडचा गलाईवाला भेटला नाहीं, असें सहसा होत नाहीं. तेव्हां २०२३ सालीं आमची पुतणी एका वर्षासाठीं जपानला निघाली आहे हें कळतांच शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं अगदीं सहज विचारिलें, "तिकडे आपल्यांपैकीं कोणाचें दुकान आहे?" जेथें आपल्यांपैकीं कोणाचेंहि दुकान नाहीं अशाच ठिकाणीं ती जात आहे, असें उत्तर देतांना आम्हांस थोडें हसूं आलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडी धास्तीहि वाटली.

घरांत प्रश्न इतका सोपा नव्हता. आमच्या मातोश्रींचें वय त्या वेळीं ८४ वर्षांचें. देवघर व स्वयंपाकघर हीं अजून त्यांच्याच नजरेखालीं चालतात. नात पुण्यास शिकावयास गेली तेव्हां त्यांनीं हरकत घेतली नव्हती. जपानचें नांव निघतांच मात्र त्यांनीं तीन प्रश्न विचारिले. ती तेथें खाणार काय? दुखलें-खुपलें तर पाहणार कोण? आणि ते लोक आपल्या मुलीला फुकट कां शिकवितात? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें आम्हीं कशीबशीं दिलीं. तिसऱ्याचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. तें पुढें कसें मिळालें हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

विनिमय म्हणजे काय?

हा प्रश्न उद्यां ज्यांच्या घरीं उभा राहणार आहे, त्या वाचकांसाठीं आरंभीं थोडी माहिती देणें बरें. परदेशीं जाऊन शिकणें आणि विनिमय-विद्यार्थी म्हणून जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विनिमयासाठीं दोन विद्यापीठांचा आपसांत करार होतो. इकडचा विद्यार्थी तिकडे एक सत्र किंवा एक वर्ष शिकतो आणि तिकडचा इकडे येतो. बहुधा ज्यानें त्यानें आपापल्या विद्यापीठांतच शुल्क भरावयाचें असतें, यजमान विद्यापीठ तें पुन्हा घेत नाहीं. आणि तेथें पुरे केलेले विषय येथील पदवीस धरतां येतात. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र आपला. शिष्यवृत्ति मिळाल्यास गोष्ट वेगळी. जपान सरकार १९५४ पासून परदेशी विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देत आलेलें आहे.

जपानचें शैक्षणिक वर्ष एप्रिलांत सुरू होतें व दुसरें सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरांत. आमची पुतणी दुसऱ्या सत्रास गेली. पितृपंधरवडा लागण्यापूर्वीं तिनें घर सोडावें हा मातोश्रींचा आग्रह, आणि ऑक्टोबर लागण्यापूर्वीं हजर व्हावें हा विद्यापीठाचा. गणपति पोंचवून दुसऱ्याच दिवशीं तिला निघतां आलें म्हणून दोन्ही बाजूंचें समाधान झालें. तेथें राहण्याची जागा ठरतांच १४ दिवसांच्या आंत नगरपालिकेच्या कचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. तीन महिन्यांहून अधिक मुक्काम असणाऱ्यास सरकारी आरोग्यविम्यांत नांव घालावें लागतें. मग दवाखान्याच्या खर्चापैकीं शेंकडा ३० आपण द्यावयाचे आणि बाकीचे विम्यानें. मातोश्रींच्या दुसऱ्या प्रश्नाला आम्हीं हेंच उत्तर दिलें. वेगळी परवानगी काढल्यास आठवड्यास २८ तासांपर्यंत कामहि करतां येतें. परंतु एक वर्षासाठीं गेलेल्या विद्यार्थ्यानें त्या कमाईवर हिशेब बांधून जाऊं नये, असें आमचें मत आहे.

भाषेची तयारी येथूनच करून जावें. त्या बाबतींत पुण्याची मुलें भाग्यवान म्हणावयाचीं. फर्गसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्यें पुणें विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तेथें व अन्यत्र जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परीक्षेच्या पांच पायऱ्या असतात; पांचवी सर्वांत खालची व पहिली सर्वांत वरची. आमच्या पुतणीनें निघण्यापूर्वीं तिसरी ओलांडली होती. तरीहि तेथील पहिल्या आठवड्यांत दुकानदारानें केलेला साधा प्रश्नहि आपणांस कळला नाहीं, असें तिनें लिहिलें.

माळ्यावरचा कंदील

"जपानांत जाऊन घराला काय मिळणार?" असें घरांत एकानें विचारिलें, तेव्हां आम्हीं माळ्यावरचा जुना कंदील खालीं काढला. त्याची हकीकत आमच्या तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जपान हें आशियांतील विद्येचें नवें पीठ ठरूं लागलें होतें आणि १९०५ सालीं त्यानें रशियाचा पराभव केल्यावर तर तिकडे जाण्याची ओढ फारच वाढली. ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तरेकडील तरुण त्या दशकांत तंत्रशिक्षणासाठीं प्रथम जपानला व तेथून अमेरिकेस गेले. परत आल्यावर, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून व लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें तळेगांव येथें १९०८ सालीं जो कांचकारखाना उभा राहिला, त्याची धुरा त्यांनीं वाहिली. त्या कारखान्यांत शिकलेले श्रीपाद प्रभाकर ओगले यांनीं आपल्या बंधूंसह १९१६ सालीं कराडजवळ स्वतःचा कारखाना काढला. तीच आजची ओगलेवाडी. आणि तेथून निघालेला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घरोघर लागला. कराडाहून विट्यास येणारा रस्ता ओगलेवाडीवरूनच येतो. मातोश्रींनीं लहानपणीं ह्याच कंदिलाच्या उजेडांत बाराखडी गिरविली. जपानहून कोणी कंदील आणून दिला असें नव्हे. परंतु एका विद्यार्थ्याच्या प्रवासाचा उजेड तीन मुक्काम करीत आमच्या ओसरीपर्यंत पोंचला, एवढें खरें.

दुसरें उदाहरण वाचकांच्या परिचयाचें आहे. बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनीं धाडलेल्या एका पुस्तिकेवरून अण्णासाहेब कर्वे यांस टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती मिळाली, आणि त्या विचारांतून १९१६ सालीं पुण्याजवळ हिंगणें येथें भारतीय महिला विद्यापीठ निघालें. आमच्या मातोश्रींची एक मावशी हिंगण्यास शिकली होती. जपानचें ऋण आपल्या घरांत पूर्वींच शिरलें आहे, असें आम्हीं म्हणालों, त्यावर मातोश्री म्हणाल्या, "शिरलें असेल. पण फेडलें कोणीं?" आम्ही निरुत्तर झालों.

सहा चटयांची खोली

दर रविवारीं नात मोबाइलवर दिसे. परंतु मातोश्रींस ऐकूं कमी येतें आणि पडद्यावरील माणसापाशीं मन मोकळें करणें त्यांस जमत नाहीं. "मला कागदावर लिही," अशी त्यांची आज्ञा होती. ती नातीनें पाळिली. तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार घालून आरंभिलेलीं १७ पत्रें आज आमच्यासमोर आहेत. त्यांतील कांहीं मजकूर तिच्या अनुमतीनें येथें देत आहों.

तिचें शहर ओकायामा. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर २००६ सालीं झालेलें जपानी पद्धतीचें उद्यान, ज्याला पु. ल. देशपांडे यांचें नांव दिलेलें आहे, तें ओकायामाच्या 'कोराकुएन' ह्या तीनशें वर्षांच्या जुन्या बागेच्या धर्तीवर केलेलें आहे. मूळ बाग पाहून नातीनें लिहिलें, "पुण्याची बाग आधीं पाहिलेली असल्यामुळें येथें मला कोणाच्या तरी आजोळीं आल्यासारखें वाटलें."

राहावयास तिला सहा चटयांची खोली मिळाली. जपानांत खोलीचें माप चटयांत सांगतात. एक चटई सुमारें ६ फूट लांब व ३ फूट रुंद. रात्रीं गादी पसरावयाची व सकाळीं घडी करून कपाटांत ठेवावयाची. जोडे दारांत काढावयाचे. जमिनीवर बसून जेवावयाचें. हें वाचून मातोश्रींस मोठा दिलासा मिळाला. "आपल्याकडे हल्लीं राहिलें नाहीं तें तिकडे आहे," असा त्यांनीं शेरा दिला. कचऱ्याची गोष्ट मात्र त्यांना वारंवार वाचून दाखवावी लागली. जळणारा कचरा निराळा, प्लास्टिक निराळें, बाटल्या निराळ्या, डबे निराळे. प्रत्येकाचा वार ठरलेला आणि पिशव्या नगरपालिकेनें नेमून दिलेल्या. चुकीच्या वारीं ठेवलेली पिशवी तशीच राहते व तिच्यावर चिठ्ठी चिकटविलेली असते. नातीच्या पहिल्याच पिशवीवर अशी चिठ्ठी आली. ती वाचण्यासाठीं तिला कोश उघडावा लागला, आणि नवे चार शब्द पाठ झाले.

भाषेविषयीं तिचें निरीक्षण आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. जपानी अक्षरमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढें का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो. आपल्या वर्णमालेशीं हें साम्य योगायोगाचें नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं तेथें नेलेल्या संस्कृत वर्णाभ्यासाचा तो ठसा आहे. वाक्यांत क्रियापद आपल्यासारखेंच शेवटीं येतें, आणि नामाला विभक्तीच्या प्रत्ययासारखे लहान शब्द जोडले जातात. इंग्रजीच्या द्वारें जपानी शिकणारे विद्यार्थी जेथें अडखळतात तेथें मराठी मुलीला सरळ जातां येतें. अडचण आहे ती चिनी चित्राक्षरांची. नित्य व्यवहारासाठीं ठरविलेलीं अशीं अक्षरें २,१३६ आहेत. "आजी, मी पुन्हा पहिलीच्या वर्गांत बसलें आहें," असें ती लिहिते.

एक शब्द मातोश्रींस फार आवडला. घराबाहेर पडतांना जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो. त्याचा अर्थ 'जातो' असा नाहीं, 'जाऊन येतो' असा आहे. आणि घरांतला माणूस उत्तर देतो, 'जाऊन या.' आमच्या घरांत 'जातें' म्हणणाऱ्या मुलीला आजवर अनेकदां उंबऱ्यावरून परत बोलावलें गेलें आहे. ही रीत समुद्रापलीकडेहि आहे हें कळल्यावर मातोश्रींनीं जपानविषयीं बोलतांना 'ते लोक' म्हणणें कमी केलें, असें आमच्या लक्षांत आलें.

सर्वच पत्रें अशीं आनंदाचीं नव्हतीं. नोव्हेंबरांतील एक पत्र अवघें पाऊण पानाचें आहे. "येथें कोणी उद्धटपणें बोलत नाहीं. सगळे वांकून नमस्कार करितात. पण कोणी कांहीं विचारीतहि नाहीं. विट्यांत घरून स्टँडपर्यंत जातांना दहाजण विचारितात, कोठें चाललीस, कधीं आलीस, लग्नाचें काय. त्याचा मला किती राग येई! परवां आठ दिवसांत कोणीं मला एकहि प्रश्न विचारिला नाहीं, तेव्हां मी दुकानांत उगीचच पिशवी मागितली. 'पिशवी हवी कां?' असें कोणी विचारील म्हणून थांबून." आम्ही हें पत्र मातोश्रींस वाचून दाखविलें नाहीं. त्यांनीं तें स्वतःच चष्मा लावून वाचलें, आणि त्या रात्रीं जेवल्या नाहींत.

वेगळें पातेलें

याच पत्राच्या पाठोपाठ आलेल्या पत्रांत एक कबुली होती. निघतांना नातीनें एक जपानी वाक्य पाठ केलें होतें: यांत मांस आहे कां? पहिले दोन आठवडे खानावळींत प्रत्येक पदार्थाला तिनें हा प्रश्न विचारिला आणि 'नाहीं' असें उत्तर मिळालें तेंच ती जेवली. रोज सकाळीं सोयाबीनच्या 'मिसो'चें सार व भात. नंतर एका वर्गभगिनीकडून तिला कळलें कीं, त्या साराचें मूळ पाणी बहुधा सुकविलेल्या माशाच्या चुऱ्याचें असतें. कोणीं तिला फसविलें नव्हतें. जपानी भाषेंत 'मांस' ह्या शब्दांत मासा येत नाहीं. तिनें जें विचारिलें त्याचें खरें उत्तर तिला मिळालें होतें.

हें लपविणें तिला सहज शक्य होतें. तिनें तें आजीला लिहिलें. घरांत दोन दिवस कोणी त्याविषयीं बोललें नाहीं. आमच्या बंधूंना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, तिनें हें लिहावयासच नको होतें असें वाटलें. वहिनींना तिला तिकडे धाडावयासच नको होतें असें वाटलें. तिसऱ्या दिवशीं मातोश्रींनीं आम्हांस कागद घेऊन बसविलें आणि उत्तर सांगितलें. तें असें: "अजाणतां झालें त्याला दोष नाहीं. तूं लिहिलेंस हें मला पुरें. आतां पाणी कशाचें आहे तेंहि विचारीत जा. उपाशी राहूं नकोस."

विद्यापीठानें प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यास गांवांतील एक कुटुंब जोडून दिलें होतें. महिन्यांतून एकदां त्यांनीं विद्यार्थ्यास जेवावयास बोलवावयाचें, एवढाच संबंध. नातीच्या वांट्यास आलेलें कुटुंब द्राक्षें पिकविणारें होतें. ओकायामाचीं द्राक्षें जपानभर प्रसिद्ध आहेत. पहिल्या भेटींत गृहिणीनें तिला विचारिलें, "तुला काय चालत नाहीं?" नातीनें सगळें सांगितलें. दुसऱ्या भेटींत तिनें पाहिलें कीं, शेगडीवर दोन पातेलीं आहेत. एकांत घरच्यांचें सार. दुसऱ्या लहान पातेल्यांत 'कोंबु' नांवाची समुद्रवनस्पति व सुकविलेल्या अळंब्या भिजवून केलेलें निराळें पाणी. जपानी बौद्ध मठांत शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा आहे. त्या गृहिणीनें ती कृति पुस्तकांत पाहून केली होती. पळीसुद्धां निराळी होती. "मी कांहीं बोललें नव्हतें तरी तिनें पळी वेगळी ठेविली," असें नातीनें लिहिलें, आणि त्या ओळीखालीं रेघ मारली.

ह्याच घरीं ती १ जानेवारी २०२४ रोजीं नववर्षाच्या जेवणास गेली होती. दुपारीं चारच्या पुढें घराचे दिवे झुलूं लागले. नोतो द्वीपकल्पावर ७.६ प्रतीचा भूकंप झाला होता. ओकायामा तेथून दूर आहे, तेथें नुसते हेलकावे जाणवले. नोतोकडे मात्र दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. आमच्याकडे तेव्हां दुपारचा पाऊण वाजत होता. दूरचित्रवाणीवर बातमी आली आणि फोन लागेना. मातोश्री देवापुढें जाऊन बसल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानें आमचें घर हादरलें होतें आणि त्या वेळीं आमच्या वडिलांना कडेवर घेऊन नव्हे, तर आम्हांस कडेवर घेऊन त्या अंगणांत धांवल्या होत्या. त्यांच्या ह्या नेहमींच्या सांगण्यांतील चूक त्या दिवशीं कोणी सुधारली नाहीं. अर्ध्या तासानें फोन आला. नातीच्या मागें ती गृहिणी उभी होती. तिनें पडद्यांत डोकावून, वांकून, जपानींत कांहीं सांगितलें. नातीनें भाषांतर केलें: "तुमची मुलगी आमच्या घरांत आहे. काळजी करूं नये." मातोश्रींस तें ऐकूं आलें नाहीं; पण त्यांनीं पडद्यापुढें हात जोडले.

उन्हाळ्यांत नातीनें तेथील बाग पाहिली. द्राक्षाच्या एकेका घडावर कागदाची टोपी, आणि घड विरळ करण्यासाठीं घरांतलीं सगळीं माणसें कात्री घेऊन उभीं. यजमानांनीं तिला विचारिलें, तुमच्याकडे इतकीं द्राक्षें होतात तर उरलेल्यांचें काय करितां? हा पहिला प्रश्न, ज्याचें उत्तर त्यांच्यापेक्षां तिच्याकडे अधिक होतें. तिनें आमच्या शेजारच्या बागाईतदारांस फोन लाविला. त्यांनीं तासगांवकडील बेदाण्याच्या शेडचीं छायाचित्रें धाडलीं. घड द्रावणांत बुडवून सावलींत जाळ्यांवर कसे वाळवितात, पंधरवड्याच्या सुमारास बेदाणा कसा तयार होतो, सगळें सविस्तर सांगितलें. शेजारी पदर खोंचून हें सगळें ऐकणाऱ्या त्यांच्या पत्नीनें शेवटीं म्हटलें, "त्यांना सांग, एकदा येऊन बघा म्हणावं."

पाहुणी दारांत

नात ऑगस्ट २०२४ मध्यें परत आली. त्याच सुमारास तिच्या वर्गांतील एक जपानी मुलगी, तीच जिनें साराचें खरें पाणी सांगितलें होतें, एका सत्रासाठीं पुण्यास आली. दसऱ्याला तिला विट्यास आणावें असा नातीचा बेत. आमचा दसरा पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. श्रीरेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत पाहण्यास गांवोगांवचे लोक लोटतात.

मातोश्रींनीं एकच प्रश्न विचारिला: "ती मासे खाते ना?" नात म्हणाली, "हो, आजी." पुढें कोणी कांहीं बोललें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें लिहिली पाहिजे. आमच्या लहानपणीं आमच्या घरच्या फडताळांत सर्वांत खालच्या कप्प्यांत निराळीं भांडीं असत. दोन पेले, दोन बश्या, एक पातेलें. कांहीं माणसें आलीं म्हणजे तीं भांडीं निघत व नंतर निराळीं घासलीं जात. तीं माणसें कोण, हें सांगण्याची आज लाज वाटते; पण ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तो कप्पा होता, आणि त्यांस तें सांगावें लागणार नाहीं. तीं भांडीं आतां नाहींत. परंतु मातोश्री त्या दिवशीं फडताळापुढें बराच वेळ उभ्या होत्या, तेव्हां आम्हां सर्वांच्या मनांत तो कप्पाच आला. नातीचा चेहरा उतरला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं पाहुणी आली. दारांत जोडे काढून तिनें ते बाहेरच्या दिशेनें वळवून ठेविले. मातोश्रींनीं नातीकरवीं तिला विचारिलें, "तुला काय चालत नाहीं?" तिनें संकोचून सांगितलें कीं, तिखट सोसत नाहीं, पुण्यास आल्यापासून दोन वेळां पोट बिघडलें आहे. मातोश्रींनीं मान हलविली. दसऱ्याच्या सकाळीं आम्ही स्वयंपाकघरांत डोकावलों तों शेगडीवर दोन पातेलीं होतीं. एकांत घरची आमटी. दुसऱ्या लहान पातेल्यांत मिरचीचा स्पर्श नसलेलें, तुपाची फोडणी दिलेलें वरण. शेजारीं मऊ भात व मेतकूट. पळी निराळी होती. तिखटाची पळी ह्या पातेल्यांत पडूं नये म्हणून मातोश्री स्वतः जवळ बसल्या होत्या.

पाहुणीला स्वयंपाकघरांत येऊं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न मातोश्रींनीं 'स्नान करून ये' ह्या एका वाक्यानें सोडविला. जपानी लोक रात्रीं स्नान करितात. तें सकाळपर्यंत पुरतें कीं नाहीं, यावर आजी-नातींत थोडा वाद झाला. शेवटीं पाहुणीनेंच पुन्हा स्नान केलें. मग ती पाटावर बसून पुऱ्या लाटूं लागली, आणि तिच्या पुऱ्या आमच्या सुनेच्या पुऱ्यांहून गोल झाल्या. संध्याकाळीं शर्यत पाहून आल्यावर मातोश्रींनीं तिच्या हातावर आपट्याचें पान ठेविलें. हें सोनें, असें नातीनें सांगितलें. सोनें गाळणाऱ्यांच्या गांवांत पान कां देतात, असें पाहुणीनें विचारिलें. त्याचें नीट उत्तर आमच्यांपैकीं कोणासच देतां आलें नाहीं. पण तिनें तें पान दोन्ही हातांनीं घेतलें.

त्या रात्रीं मातोश्रींच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांगावयाचें होतें, पण तें त्यांना आधींच सांपडलें होतें. "फुकट नव्हतंच ते," त्या म्हणाल्या. "त्यांनीं आपली मुलगी सांभाळली. आतां त्यांची आली."

आमच्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. मुलामुलींस अशी संधि आली तर अवश्य धाडावें. परंतु धाडतांना एक हिशेब लक्षांत ठेवावा. आपल्या मुलासाठीं परक्या देशांत कोणी तरी पातेलें वेगळें काढणार आहे. त्या देशाचींहि मुलें पुण्यास संस्कृत, मराठी शिकावयास येतात व सणासुदीला वसतिगृहाच्या खोलींत एकटीं बसतात. त्यांस कोणी विचारीत नाहीं. आपण विचारावें, विट्याच्या माणसांइतकें नव्हे, तरी थोडें विचारावें. काय चालत नाहीं, तेवढें आधीं पुसावें.

पाहुणी तिसऱ्या दिवशीं निघाली. उंबऱ्यावर थांबून तिनें मातोश्रींस वांकून नमस्कार केला आणि नातीनें शिकविलेला एकच मराठी शब्द म्हटला: "येतें." मातोश्रींस तो स्पष्ट ऐकूं आला. "ये हो," असें त्या म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत दारांत उभ्या राहिल्या.